एकाच वहीची दोन तोंडं

आमच्या वह्यांना दोन तोंडं असायची. उजवीकडून उघडली की उर्दू आणि डावीकडून उघडली की मराठी. प्रत्येक विषयाला वेगळी वही घ्यायची ऐपत घरात नव्हती. त्यामुळे दोनशे पानी एकच वही दोन्ही बाजूंनी भरत यायची. उर्दूची बाजू भराभर पुढे सरकायची. मराठीची मात्र सात-आठ पानांवर अडून बसायची. वर्ष संपलं की मधली कोरी पानं काढून आम्ही पुढच्या वर्षासाठी कच्ची वही शिवायचो.

आम्ही म्हणजे चौघी. सोलापुरातल्या एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकाच उर्दू शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या. आज पस्तिशीत आल्यावरही त्या वयाबद्दल लिहायला बसलं की 'मी' हा शब्द लेखणीतून उतरत नाही. घरातही 'मैं' क्वचितच ऐकू यायचं. 'हमना होना', 'हमे आते', 'हमारे में ऐसा नै चलता', असंच सगळं बोलणं. तेव्हा वाचकांनी हे 'आम्ही' चालवून घ्यावं.

चौघींच्या अब्बांपैकी दोघे यंत्रमागावर होते, एक रिक्षा चालवायचे, एक फळांचा गाडा लावायचे. अम्मींचं काम मात्र चारही घरांत एकच, बिड्या. पानं भिजवायची, पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. सगळा हिशेब हजार बिड्यांवर. शाळेतून आलो की दप्तर ठेवून आम्हीही सूप पुढे ओढायचो. बिडीचं तोंड मिटवायचं काम लहान बोटांना चांगलं जमतं, असं गल्लीतल्या सगळ्या खाला म्हणायच्या. बोटांचा तंबाखूचा वास साबणाने जात नसे. तो वहीच्या पानांनाही लागायचा, दोन्ही बाजूंना.

सोलापूर हे चार भाषांचं गाव. मराठी, कन्नड, तेलुगू आणि आमची दखनी. अम्मी भाजीवालीशी मराठीत घासाघीस करायची, शेजारच्या पद्मशाली मावशींशी अर्ध्या तेलुगूत बोलायची. पण भाजीवालीशी ती जे बोलते तेच आपल्या पुस्तकातलं मराठी आहे, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही. शाळेतलं मराठी म्हणजे गाईडमधली उत्तरं. ती आम्ही अर्थ न कळता पाठ करायचो आणि परीक्षेत उतरवून यायचो. पहिली ओळ आठवली की पुढचं आपोआप यायचं. पहिली ओळ विसरली की पेपर कोरा.

बरं, उर्दू तरी आमची होती का? वर्गात तोंडून 'नक्को' निघालं, 'मेरेकू' निघालं की रागावणं व्हायचं, "ये कौनसी ज़बान है? उर्दू में बोलो." पुस्तकातली उर्दू लखनौ-दिल्लीची. तिच्यापुढे घरातली बोली म्हणजे मळका फ्रॉक. आणि शाळेबाहेर, दवाखान्यात किंवा एसटी स्टँडवर, आम्ही 'ती पुस्तक', 'तो पाणी' म्हटलं की लोक हसायचे. उर्दूत दोनच लिंगं. मराठीत तिसरं कुठून उपटलं आणि पुस्तक, पाणी त्यात का गेलं, हे कुणी समजावलं नव्हतं. मग आम्ही दोन्हीकडे गप्प राहायला शिकलो. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीला आवाज खाली ठेवायला घरातून सांगितलेलंच असतं. आमच्या गप्प बसण्याला त्यामुळे सगळे शहाणपण म्हणायचे.

जून २००३ मध्ये आम्ही आठवीत गेलो आणि मराठीला नवे सर आले. बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातले, मुसलमानच, पण सगळं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. पहिल्याच तासाला म्हणाले, "बच्चों, किताबां काढो."

वर्ग खो खो हसला. पुढचा आठवडाभर मधल्या सुट्टीत 'किताबां काढो' हाच खेळ चालला. सरांना नुक्ता माहीत नव्हता. त्यांचा 'कलम' आणि 'गलत' ऐकून आम्ही चौघी पहिल्या बाकावरून मुद्दाम मोठ्याने म्हणायचो, "क़लम, सर, क़लम." ज्यांना आयुष्यभर बोलीवरून हसले जातं, त्यांना हसायला कुणी मिळालं की किती जोर चढतो, हे आम्ही तेव्हा दाखवून दिलं. सर चिडले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "तुमचा क घशातनं येतो, आमचा टाळूवरनं. कलम तेच. लिहायला लागा."

आणि आमच्यातली कुणी 'ती पुस्तक' म्हणाली की सर कधी हसले नाहीत. फळ्यावर तीन रकाने आखायचे: तो, ती, ते. घरातल्या एकेका वस्तूला रकान्यात बसवायचं काम आम्हाला द्यायचे. सूप ते, कात्री ती, दोरा तो, पान ते, बिडी ती. ही यादी आमच्या घरातली होती. गाईडमध्ये ती कुठेच नव्हती.

पावसाळा संपत आला असेल. सरांनी आमच्या चौथीला फळ्याजवळ येऊन वाचायला सांगितलं. (तिचं नाव इथे लिहीत नाही. गल्लीत सगळे तिला बिडीवाल्या खालांची मुलगी म्हणत. खरं तर आम्ही सगळ्याच तशा होतो.) ती चौघींत हुशार आणि चौघींत भित्री. उठलीच नाही. खाली मान घालून म्हणाली, "नक्को सर."

सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'नक्को'. त्याच्या शेजारी लिहिलं, 'नको'. मग म्हणाले, "ही आता काय बोलली? उर्दू की मराठी?"

वर्ग गप्प.

"घरी अम्मीला काय सांगता? मैं करती, का मैंच करती?"

"मैंच करती," कुणीतरी म्हणालं.

सरांनी लिहिलं, 'मैंच', आणि शेजारी 'मीच'. "हा च दिल्लीत नाही मिळणार. लखनौलाही नाही. हा इथला आहे. तुमच्या आजीच्या आजीने शेजारणीकडून घेतला, आणि परत केला नाही."

त्या दिवशी आम्ही हसलो, पण ते हसणं वेगळं होतं. ज्या शब्दावरून उर्दूच्या तासाला मान खाली जायची, तो शब्द मराठीच्या फळ्यावर मानाने लिहिलेला होता. चौथी उठली आणि तिने अख्खा धडा वाचला. अडखळत वाचला, 'ळ'चा 'ल' करत वाचला, पण शेवटपर्यंत वाचला.

त्यानंतर सरांनी एक खेळ लावला. मराठी वर्तमानपत्राचं एक पान घ्यायचं आणि आपल्या घरात बोलला जाणारा शब्द दिसला की त्याच्याखाली रेघ मारायची. आम्हाला वाटलं, चार-पाच मिळतील. हजर, अर्ज, तारीख, मालक, इमारत, वसूल, फायदा, नुकसान, खर्च, जबाबदार, जाहीर... पान रेघांनी भरून गेलं. अब्बा काम करून आले होते. तेही शेजारी बसून शब्द सांगायला लागले. त्यांना वाचता येत नव्हतं. आम्ही वाचायचो, ते 'हौ, ये अपनाच' म्हणायचे.

काही शब्दांनी फसवलंही. 'मंत्र्यांचा राजीनामा' वाचून आम्हाला वाटलं, मंत्र्यांनी कुणाशी समझोता केला. उर्दूत राज़ीनामा म्हणजे तेच. सरांनी सांगितलं, इथे त्याचा अर्थ पद सोडणं. 'कायदा' म्हणजे आमच्या लेखी मोहल्ल्यातल्या मदरशात अलिफ-बे शिकवणारं पहिलं पातळ पुस्तक. मराठीत तो पोलीस, कोर्ट आणि सरकार झाला होता. एकच शब्द दोन घरांत राहून दोन स्वभावांचा होतो, हे आम्हाला गंमतीचं वाटलं. पण त्यातून एक गोष्ट कळली. शब्द पाठ करायचा नसतो, त्याची विचारपूस करायची असते.

१२ जानेवारी २००४ ला सर आम्हाला हुतात्म्यांच्या पुतळ्यांकडे घेऊन गेले. मुलींना चौकात न्यायचं म्हणून ते आदल्या दिवशी घरोघरी गेले, दारातच उभे राहून "दोन तासांत लेकी परत आणतो" असं सांगून आले. त्या चौकावरून आम्ही शंभर वेळा गेलो असू. वर मान करून पाहिलं नव्हतं. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रजांना हैराण केलं, शहरात मार्शल लॉ लागला, आणि पुढच्या वर्षी, १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली. सरांनी चारही नावं आमच्याकडून म्हणून घेतली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. "यातले कुर्बान हुसेन विशीतले होते," सर म्हणाले. "'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. कोणत्या भाषेत, सांगा."

आम्ही एका सुरात म्हणालो, "उर्दू."

"मराठी," सर म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी आणखी एक नाव सांगितलं, त्यांच्या बार्शीच्या शाहीर अमर शेखांचं. बार्शीच्या गिरणीत काम केलेला माणूस, ज्याच्या डफाने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं भरायची. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. ते सांगताना सरांचा आवाज जरा चढला होता. त्या वेळी प्रथमच आमच्या लक्षात आलं की 'किताबां काढो'वर आम्ही हसत होतो तेव्हा सरांना काहीच वाटलं नसेल असं नाही.

भाषा आली म्हणजे नेमकं काय आलं, ते नववीत कळलं. पावसाळ्यात चौथीच्या घरी एका कार्यालयाची नोटीस आली. तिचे अब्बा ती घेऊन दोन-तीन जणांकडे जाऊन आले. कुणीतरी सांगितलं, घर पाडणार आहेत. दोन रात्री ते घर झोपलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आमच्याकडे आली आणि आम्ही चौघी तो कागद घेऊन गच्चीवर बसलो. 'थकबाकी', 'खुलासा', 'हजर राहून', 'अन्यथा'. 'अन्यथा' अडलं, बाकी लागलं. घर पाडण्याचं त्यात काही नव्हतं. घरपट्टीच्या पावत्या घेऊन अमुक तारखेला भेटा, एवढंच होतं. चौथीने अब्बांना आधी मराठीत वाचून दाखवलं, मग दखनीत सांगितलं. ते काही बोलले नाहीत. नोटीस घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तू चल मेरे साथ."

ती गेली. खिडकीतल्या माणसाला म्हणाली, "साहेब, पावत्या आणल्या आहेत. तपासून घ्या." घरी आल्यावर ते वाक्य तिने आम्हाला दहा वेळा म्हणून दाखवलं. 'त्या पावत्या' की 'ते पावत्या', यावर आमची चर्चा झाली. चौदा वर्षांची मुलगी आणि तिच्यामागे तिचे अब्बा उभे, हे चित्र आम्ही पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून गल्लीतली बिलं, दवाखान्याची कागदं, रेशनचे फॉर्म आमच्या चौघींकडे यायला लागले. आवाज खाली ठेवा म्हणणारेच आता 'जरा जोरात वाच' म्हणायला लागले.

पुढे बी.एड.ला एरिक एरिक्सन शिकलो. बारा ते अठरा या वयात माणसापुढे 'मी कोण' हा प्रश्न उभा असतो, असं तो सांगतो. प्रश्नपत्रिकेत आम्ही ते बरोबर लिहिलं, गुणही मिळाले. लिहिताना डोळ्यांपुढे मात्र ती गच्ची होती. आमचा प्रश्न 'आम्ही कोण' असा होता, आणि त्याचं उत्तर आम्हाला आरशात मिळालं नाही, नोटीस वाचताना मिळालं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट टाळावीशी वाटते. पण ती टाळली तर बाकीचं खोटं ठरेल. २००४ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथी शाळेत आली नाही. अम्मीला दम लागायचा, बिड्यांचा हिशेब पुरा होईना, मोठ्या बहिणीचं लग्न ठरलेलं. सर दोनदा तिच्या घरी जाऊन आले. आम्ही तिघी सुरुवातीला शाळेला जाताना तिच्या दारात थांबून हाक मारायचो. ती सुपावरून मान वर करून हसायची आणि पुन्हा खाली बघायची. पंधरा-वीस दिवसांनी आम्ही रस्ता बदलला. मागच्या बोळातून जायला लागलो. एकमेकींना कारण विचारलं नाही, सांगितलंही नाही. जी आमच्यात सगळ्यांत चांगलं मराठी वाचायची, तिच्या दारावरून वही घेऊन जाण्याची आम्हाला लाज वाटत होती. शिकलेल्या माणसाची ती पहिली लाज. ती आम्हाला शिकण्याच्या आनंदाबरोबरच मिळाली.

२००६ मध्ये आम्ही तिघी दहावी झालो. एकीचं लग्न झालं, एक पुण्याला गेली. उरलेलं 'आम्ही' मराठी माध्यमाच्या कॉलेजात गेलं, बी.ए. झालं, बी.एड. झालं आणि उर्दू शाळेत उर्दू आणि इतिहास शिकवायला लागलं. सर तोवर बदलून गेले होते.

गेल्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गाला 'मेरी माँ' या विषयावर निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं होतं, 'अम्मी बोली, रातकू जागना नक्को.' आम्ही 'नक्को'भोवती लाल शाईने गोल काढला, समासात लिहिलं, 'ये उर्दू नहीं है', आणि वर्गाला वाचूनही दाखवलं. वर्ग हसला. तपासायचा गठ्ठा मोठा होता. आम्ही पुढची वही घेतली.

पालकसभेला तिची आई आली. बुरख्याचा नकाब वर केला आणि आम्ही उठून उभे राहिलो. ती आमची चौथी होती. मुलीच्या आडनावावरून ओळखायचं कसं? सही करायच्या यादीत सगळ्या आयांनी अंगठा तरी लावला होता किंवा उर्दूत नाव लिहिलं होतं. तिने मराठीत सही केली, वळणदार, 'ळ' जागच्या जागी. आम्ही तिच्या हाताकडे बघत राहिलो. ती म्हणाली, कारखान्यात पानं-तंबाखू आणायला गेलं की रद्दीतलं वर्तमानपत्र ती उचलून आणते. दुपारी गल्लीतल्या बायका वळत बसतात, ती वाचून दाखवते.

मग तिने पिशवीतून मुलीची वही काढली, ते पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"दो दिन बात नै करी बच्ची मेरे से. बोली, तुमारी बातां लिखी तो सब हसे." थोडं थांबून म्हणाली, "सर हमना कभी हसे थे क्या?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. ज्या उर्दूच्या नावाने आम्ही तो गोल काढला, त्या उर्दूचा इतिहास आम्हीच वर्गात शिकवतो. तिच्या पहिल्या मोठ्या कवींत गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह येतो, जो १६१२ मध्ये वारला आणि ज्याने आपला दीवान दखनीत लिहिला. सोलापूरपासून जवळ असलेल्या विजापूरचा इब्राहिम आदिलशाह दुसरा, त्याचं 'किताब-ए-नौरस' दखनीत. दरबारात मानाने बसलेली बोली आम्ही बिडी वळणाऱ्या बाईच्या तोंडी चूक ठरवली. पुस्तकी उर्दू शिकवायलाच हवी, परीक्षा त्यातच आहे, पुढचं वाचन त्यातच आहे. पण 'पुस्तकात असं लिहितात' हे सांगणं वेगळं आणि 'तुझ्या आईला बोलता येत नाही' हे सांगणं वेगळं. सरांना हा फरक कळत होता. आमच्याकडे बी.एड. होतं, तरी आम्ही चुकलो.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांना मराठी सक्तीची झाली. आमच्या उर्दू शाळांत ती आधीपासूनच होती. सक्तीने पुस्तक दप्तरात येतं, हे आम्ही दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे. ते पुस्तक उघडायचा धीर मात्र कुणीतरी द्यावा लागतो. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना तो धीर मोठ्या भाषणाने येत नाही. आपल्या घरातला एखादा शब्द फळ्यावर नीट लिहिलेला दिसला, तरी पुरतो. त्याच वयात एक लाल गोल तो घालवूही शकतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही फळ्यावर दोन शब्द लिहिले, नक्को आणि नको. आणि सरांची सगळी गोष्ट सांगितली, 'किताबां काढो'सकट, आमच्या हसण्यासकट. नंतर ती वही मागून घेतली. लाल शाई पुसता येत नाही. त्या गोलाखाली आम्ही उर्दूत लिहिलं की हा शब्द बरोबर आहे, चूक तपासणाऱ्याची आहे, आणि त्याबद्दल माफी.

दोन दिवसांनी वही परत तपासायला आली. आमच्या ओळीखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात उत्तर होतं.

'माफी नक्को, टीचर.'